कंबरेतला ‘गॅप’ आणि रक्तातली चरबी : मणक्याच्या गादीचा कोलेस्टेरॉलशी काय संबंध?

सुगीच्या दिवसांत खळ्यावर पोतं उचलताना कंबरेत चमक भरते. दोन दिवस गरम विटेचा शेक, तिसऱ्या दिवशी मलम, आठवड्याने गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन. तरीही कळ मांडीतून पोटरीपर्यंत उतरू लागली की तालुक्याला जाऊन फोटो काढला जातो. संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी होते, “मणक्यात गॅप आलाय.”

तो एक्स-रे घरातल्या प्लास्टिकच्या पिशवीत जातो. त्याच पिशवीत कधीतरी शिबिरात काढलेला रक्ताचा रिपोर्टही पडलेला असतो. त्यात कोलेस्टेरॉल किंवा ट्रायग्लिसराइडचा आकडा वाढलेला असतो. पण “तो हृदयाचा विषय, हा कंबरेचा” असे म्हणून दोन्ही कागद एकत्र कोणी पाहत नाही.

गेल्या तीसेक वर्षांतल्या अभ्यासांतून मात्र असे दिसू लागले आहे, की हे दोन कागद एकमेकांना अगदीच परके नाहीत. रक्तातली चरबी वाढली म्हणून कंबर दुखतेच, असे नाही. पण मणक्याची गादी ज्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भरवशावर जगते, त्या रक्तवाहिन्या चरबीने खराब होतात. म्हणून कंबरदुखीच्या माणसाने रक्ताचा रिपोर्ट बाजूला ठेवू नये. हा संबंध किती खरा, कुठवर सिद्ध झालेला आणि त्यातून आपण काय करायचे, ते पाहू.

आधी ‘गॅप’ म्हणजे काय ते समजून घ्या

पाठीचा कणा एकावर एक ठेवलेल्या मणक्यांचा बनलेला असतो. दोन मणक्यांच्या मध्ये एक चिवट गादी असते. डॉक्टर तिला डिस्क म्हणतात. मानेपासून कंबरेपर्यंत अशा २३ गाद्या असतात. गादीच्या मध्यभागी पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो आणि त्याच्याभोवती धाग्यांच्या थरांचे मजबूत कडे असते. गाडीच्या शॉकअबसॉर्बरसारखे काम ही गादी करते.

दिवसभर उभे राहून, ओझे उचलून गादीतले पाणी थोडे दाबले जाते. रात्री आडवे झाल्यावर ती परत पाणी शोषून घेते. त्यामुळेच माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा एक ते दोन सेंटिमीटर उंच भरतो.

वय वाढते तसे गादीतले पाणी कमी होते, ती चपटी होते, कड्याला भेगा पडतात. एखाद्या भेगेतून गर बाहेर आला आणि शेजारच्या नसेला लागला, की कळ पायात उतरते. यालाच गावात ‘नस दबली’, ‘गादी सरकली’ किंवा ‘सायटिका’ म्हणतात. गंमत म्हणजे, गादी झिजली की दोन मणक्यांमधली जागा वाढत नाही, उलट कमी होते. म्हणजे लोक ज्याला ‘गॅप आला’ म्हणतात, तिथे बहुतेक वेळा गॅप कमी झालेला असतो.

कंबरेच्या सगळ्यांत खालच्या दोन गाद्यांना हा त्रास जास्त होतो. रिपोर्टवर ‘एल४-एल५’ आणि ‘एल५-एस१’ असे लिहिलेले असते, त्या ह्याच. शरीराचा सगळा भार आणि वाकण्याचा सगळा ताण त्यांच्यावर येतो.

गादीला स्वतःचे रक्त नाही

आता मुख्य मुद्दा. आपल्या शरीरात जवळपास सगळीकडे रक्तवाहिन्या पोहोचतात. मोठ्या माणसाच्या मणक्याची गादी मात्र त्याला अपवाद आहे. तिच्या आतल्या भागात रक्तवाहिनी जात नाही. मग ती जगते कशी?

शेतीच्या भाषेत सांगायचे तर, पाटाचे पाणी वाफ्याच्या कडेपर्यंत येते आणि पुढे मातीतून झिरपत मुळापर्यंत जाते. गादीचेही तसेच आहे. वरच्या आणि खालच्या मणक्याच्या हाडात केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या असतात. त्यांतून येणारा प्राणवायू आणि साखर कुर्चेच्या पातळ थरातून झिरपत गादीच्या आत पोहोचते. गादीतला टाकाऊ भाग त्याच वाटेने बाहेर येतो. म्हणजे गादी आधीच काटकसरीत जगते.

ह्या बारीक वाहिन्यांना रक्त येते कुठून? हृदयातून निघालेली मुख्य रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, पोटातून कण्याच्या अगदी पुढून खाली उतरते. तिच्या मागच्या भिंतीतून कंबरेच्या मणक्यांसाठी डाव्या-उजव्या बाजूला मिळून चार जोड्या निघतात. कंबरेच्या चौथ्या मणक्यापाशी महाधमनी संपून दोन पायांकडे फाटते. त्यामुळे सगळ्यांत खालच्या गाद्यांना मिळणारे रक्त कालव्याच्या टेलच्या शेतासारखे असते. वर कुठे गाळ साचला, की त्याची झळ टेलला आधी लागते.

हा गाळ म्हणजेच रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेली चरबी. महाधमनीत, त्यातही पोटातल्या भागात, ती साचायला लवकर सुरुवात होते. पुढे त्यावर चुन्यासारखा थर बसतो आणि तो एक्स-रेमध्येही दिसतो. हृदयाच्या वाहिनीत जे घडते, तेच कंबरेच्या वाहिनीच्या तोंडाशी घडू शकते. फरक एवढाच, की हृदयात ब्लॉकेज झाले तर माणूस तातडीने दवाखान्यात जातो. कंबरेच्या वाहिनीचा कोणाला पत्ताच लागत नाही.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून लोकांच्या हृदयाचा अभ्यास सुरू आहे. कोलेस्टेरॉल आणि हृदयविकाराचा संबंध जगाला पटला, त्यात ह्या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. ह्याच गावातल्या ६०६ लोकांचे २५ वर्षांच्या अंतराने काढलेले कंबरेचे एक्स-रे फिनलंडच्या संशोधक लीना कौप्पिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारी ठेवून पाहिले. त्याचा निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या महाधमनीच्या मागच्या भिंतीत चुना साचलेला होता, त्यांच्यात गाद्यांची झीज जास्त दिसली. ज्यांच्यात हा थर फार वाढलेला होता, त्यांनी कंबरदुखीची तक्रारही जास्त प्रमाणात केली होती.

२००८ मध्ये फिनलंडमधल्याच लोकांच्या तपासणीत, सायटिका असलेल्या पुरुषांमध्ये कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड जास्त असण्याचा संबंध आढळला.

२०११ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी गादी सरकून त्रास झालेल्या १६९ रुग्णांचे रक्त तपासले. त्यांची तुलना त्याच वयाच्या, पण गुडघ्यातली गादी फाटलेल्या रुग्णांशी केली. कंबरेच्या रुग्णांमध्ये कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही जास्त निघाले.

रक्तवाहिन्यांचा मुद्दा तंबाखूच्या बाजूनेही पुढे आला. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये एकसारख्या जुळ्या भावंडांच्या जोड्यांचा एमआरआय काढला गेला. प्रत्येक जोडीत एक जण धूम्रपान करणारा आणि दुसरा न करणारा होता. रक्त तेच, घर तेच. तरीही धूम्रपान करणाऱ्याच्या कंबरेतल्या गाद्यांची झीज सरासरी १८ टक्के जास्त निघाली. धुरातले निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. निकोटीन तंबाखूच्या पुडीत, गुटख्यात आणि मिश्रीतही असते.

पण लगेच निष्कर्षावर उडी नको

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असे होत नाही. पावसाळ्यात बेडूकही ओरडतात आणि नदीलाही पूर येतो. म्हणून बेडकांमुळे पूर आला असे कोणी म्हणत नाही.

वाढलेले वय, सुटलेले पोट, तंबाखू, मधुमेह आणि बसून काम, ह्या गोष्टींनी रक्तातली चरबीही वाढते आणि गादीही झिजते. त्यामुळे नुसत्या कोलेस्टेरॉलचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. सगळ्या अभ्यासांचे निकालही सारखे नाहीत. शिवाय गादी किती लवकर झिजणार, ह्यात आई-वडिलांकडून आलेल्या गुणांचा वाटा मोठा असतो.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या असलेले ३३ अभ्यास २०१५ मध्ये एकत्र करून पाहिले गेले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गादीत झीज दिसली. ऐंशी वर्षांच्या लोकांत हे प्रमाण ९६ टक्के होते. म्हणजे रिपोर्टमध्ये ‘झीज’ हा शब्द आला म्हणून घाबरून जाऊ नये. केस पांढरे होतात तशी गादीही वयाने झिजते. रिपोर्टमधली झीज आणि माणसाचा त्रास, दोन्ही जुळले तरच त्याला अर्थ असतो.

म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी घेतली की सरकलेली गादी जागेवर येते, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. तसे सिद्ध झालेले नाही. ती गोळी हृदय आणि मेंदूच्या रक्षणासाठी असते आणि त्यासाठी ती घ्यावी.

मग हा संबंध कळून उपयोग काय?

उपयोग मोठा आहे आणि तो जिवाशी निगडित आहे.

पन्नाशीकडे झुकलेला माणूस कंबर दुखते म्हणून वर्षभर दवाखाने करतो. पट्टा घेतो, मालिश करून घेतो, दर आठवड्याला इंजेक्शन घेतो. ह्या सगळ्यात त्याचा रक्तदाब, साखर आणि चरबी एकदाही तपासली जात नाही. कंबर त्याला दवाखान्यात घेऊन आली होती, पण खरा धोका न तपासताच तो परत गेला.

त्यात भर पडते दुखण्याच्या गोळ्यांची. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ह्या गोळ्या चार-सहा दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणे वेगळे. पण मेडिकलमधून पट्टीच आणून महिनोन्महिने खाणे धोक्याचे. ह्या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो, पोटात जखम होते आणि हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता वाढते. ज्याच्या रक्तवाहिन्यांत आधीच चरबी साचली आहे, त्याला हा धोका जास्त असतो. युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये हृदयविकार असलेल्या रुग्णांना डायक्लोफेनॅक देऊ नये, असा इशारा दिला होता.

नाव-गाव नसलेल्या पुडीतल्या ‘एका दिवसात आराम’ देणाऱ्या गोळ्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. त्याने कळ थांबते खरी, पण साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि रक्तातली चरबीही वाढू शकते. म्हणजे जे दुखणे कमी करायला गेलो, त्याच्या मुळाशी खत घातल्यासारखे होते.

“मी शेतात राबतो, मला कसलं कोलेस्टेरॉल?”

हा प्रश्न गावोगावी ऐकू येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड इथल्या शहरी आणि ग्रामीण लोकांचे रक्त तपासले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सुमारे ७९ टक्के लोकांच्या रक्तातल्या चरबीत काही ना काही बिघाड होता. ७२.३ टक्के लोकांत चांगले कोलेस्टेरॉल कमी होते. २९.५ टक्के लोकांत ट्रायग्लिसराइड जास्त होते. एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले १३.९ टक्के होते.

म्हणजे आपल्याकडची मुख्य अडचण चांगले कोलेस्टेरॉल कमी असण्याची आहे. बारीक अंगाचा, शाकाहारी माणूसही त्यातून सुटत नाही. कारण शरीरातले बहुतांश कोलेस्टेरॉल आपले यकृतच तयार करते. आणि पूर्वी बैल आणि पायी चालणे होते, तिथे आता ट्रॅक्टर आणि मोटरसायकल आली. काम आहे, पण चालणे कमी झाले. ट्रॅक्टरच्या सीटवर तासन्‌तास बसणारे हादरे कंबरेलाही चांगले नाहीत.

रिपोर्ट वाचायचा कसा?

ह्या तपासणीला ‘लिपिड प्रोफाइल’ म्हणतात. साधारणपणे ९ ते १२ तास उपाशी राहून सकाळी रक्त देतात. पाणी प्यायले तर चालते. मोठ्या माणसांसाठी सर्वसाधारण आकडे असे :

• एकूण कोलेस्टेरॉल : २०० पेक्षा कमी असावे.
• एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल : १०० पेक्षा कमी चांगले. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टर त्याहूनही खाली आणायला सांगतात.
• एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल : पुरुषांत ४० पेक्षा आणि महिलांत ५० पेक्षा जास्त असावे.
• ट्रायग्लिसराइड : १५० पेक्षा कमी असावे.

तिशी ओलांडलेल्यांसाठी रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. तिथेच लिपिड प्रोफाइलसाठी रक्त घेतात का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा. तुमच्या केंद्रात सोय नसेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आणि डॉक्टरांकडे जाताना कंबरेचा एक्स-रे आणि रक्ताचा रिपोर्ट, दोन्ही एकाच पिशवीतून न्या. कोणत्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या पट्ट्याही सोबत ठेवा.

कंबर आणि हृदय, दोघांना चालेल असे सात उपाय

१. रोज अर्धा तास भरभर चाला. चालण्याने चांगले कोलेस्टेरॉल वाढायला मदत होते आणि गादीत पोषण झिरपायलाही. कळ असेल तर दहा-दहा मिनिटांनी सुरुवात करा.

२. कंबर धरली म्हणून आठवडाभर खाटेवर पडून राहू नका. एक-दोन दिवस विश्रांती पुरे. सोसेल तेवढी हालचाल ठेवली तर लवकर बरे वाटते.

३. तंबाखू, गुटखा, मिश्री, बिडी बंद. सोडणे जड जात असेल तर आरोग्य केंद्रात सांगा, तिथे मदत मिळते.

४. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरू नका. वनस्पती तूप, फरसाण, स्टँडवरचे वडे-भजी कमी करा. शेंगदाण्याच्या तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असे छापलेले असते. त्याला भुलू नका. कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसते. पण तेल म्हणजे शेवटी चरबीच, म्हणून वापर बेतानेच हवा.

५. ट्रायग्लिसराइड वाढले असेल तर साखर आणि दारू आधी कमी करा. दिवसाला सहा-सात कप गोड चहा हेही एक कारण असू शकते. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हरभरा, पालेभाजी हे आपले जुने जेवण ह्या बाबतीत चांगले आहे.

६. ओझे उचलताना कंबरेत वाकू नका. गुडघ्यात वाका, ओझे अंगाजवळ धरा आणि उचलताना अंगाला पीळ देऊ नका. युरियाची गोणी ४५ किलोची असते. ती एकट्याने पाठीवर घेण्यापेक्षा दोघांनी धरलेली बरी.

७. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका. ह्या गोळीने काहींना अंग दुखल्यासारखे वाटते. तसे झाले तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा किंवा औषध बदलतात.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

सरकलेल्या गादीचा त्रास बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतो. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू विरघळवते. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात कोणी ऑपरेशनची घाई करत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्या.

पण पुढीलपैकी काही झाले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा : लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा येणे, पाऊल उचलता न येणे किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होणे. अशा वेळी पाठ चोळून घेणे, मणका ‘बसवून’ घेणे किंवा पाठीवर पाय देऊन घेणे धोक्याचे आहे. उशीर झाला तर पाय आणि लघवी कायमची जाऊ शकते.

कंबरदुखीसोबत ताप, विनाकारण वजन घटणे किंवा रात्री झोपू न देणारी कळ असेल, तरीही लवकर दाखवा. क्षयरोग मणक्यातही होतो. साठीच्या पुढच्या, धूम्रपान करणाऱ्या माणसाच्या पोटात आणि पाठीत अचानक जोराची कळ आली तर ती महाधमनी फुगून फुटल्याचीही असू शकते. आणि छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम आणि धाप एकत्र आली तर कंबरेचा विचार सोडा, लगेच १०८ ला फोन लावा.

कंबर रोज ठणकते, म्हणून तिच्याकडे लक्ष जाते. रक्तातली चरबी ठणकत नाही. ती वर्षानुवर्षे गुपचूप साचत राहते. त्यामुळे पुढच्या वेळी घरात कोणाला ‘गॅप’ निघाला, तर एक्स-रेसोबत रक्ताची तपासणीही करून घ्या. कंबरेला त्याचा थोडाफार फायदा होईल किंवा होणारही नाही, पण हृदयाला नक्की होईल.

(ही माहिती सर्वसाधारण जागृतीसाठी आहे. उपचार सुरू करण्यापूर्वी किंवा बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)